आडवं माप

धाकटी साडेनऊच्या बसनं आली, खांद्याला एकच पिशवी लावून. दार उघडल्या उघडल्या तिला कळून चुकलं की ताईनं फोन केल्याचं घरात कुणाला ठाऊकच नाही.

"तू कशी काय?" आईनं विचारलं. नेहमीसारखा तिच्या गळ्यात टेप होता आणि चष्मा कपाळावर.

"ताईनं बोलावलं."

"कधी?"

"परवा. फोन आला होता."

आईनं बाजूला होऊन वाट दिली. "चहा घेशील ना?" असं तिनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं. धाकटीला ते झोंबलं. अकरा वर्षांत ती या घरात फार तर दहा-बारा वेळा आली असेल. त्यातली एक खेप बाबांना पोचवायला.

पुढच्या खोलीतलं दुकान होतं तसंच होतं. खिडकीशी दादाचं बेतायचं टेबल, भिंतीलगत तीन मशिनं, वर फळीवर आजोबांपासूनच्या मापवह्या. पूर्वी मशिनं चार होती. चौथं धाकटीचं. ती जागा अजून मोकळीच होती, तिथं आता इस्त्रीचे कपडे रचून ठेवत.

"अरे वा!" दादा म्हणाला, आणि लगेच त्यानं आईकडे पाहिलं, आपलं 'अरे वा' जरा जास्त तर झालं नाही ना हे बघायला. त्याची ही सवय जुनी. टी-शर्टच्या कामासाठी ओव्हरलॉक मशीन घेऊ या असं धाकटीनं म्हटलं होतं, आणि बाबांनी "आपण शर्ट शिवणारी माणसं, बनियनं शिवणारी नव्हे" म्हणून तिला उडवून लावलं होतं, तेव्हाही तो असाच आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला होता. आठवड्याभरात तिनं होजिअरीच्या कारखान्यात नोकरी धरली. तेव्हापासून बाबा तिला बनियनवाली म्हणायला लागले. आधी थट्टेनं म्हणायचे, पुढे त्यातली थट्टा गेली. आई गप्प राहिली, दादाही गप्प राहिला. तिला बसस्टॉपवर सोडायला आली ती एकटी ताई.

ताई मागच्या खोलीत होती.

"आली का माझी बनियनवाली?" तिनं पलंगावरून विचारलं. वीस वर्षं भूगोल शिकवलेला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज तेवढा शाबूत होता. बाकीची ताई ओळखायला धाकटीला क्षणभर लागला. चार महिन्यांपूर्वी पाहिली होती त्याच्या निम्मी उरली होती ती. उजवा हात मात्र खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून टम्म झालेला, वेगळ्या उशीवर ठेवलेला.

"दार लाव. आणि आधी ऐकून घे. डॉक्टरांनी औषधं थांबवलीत. आई तुला रडून सांगेल, म्हणून मीच सांगते. एवढा उन्हाळा हातात आहे म्हणाले."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. बसमध्ये तिनं पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता आठवेना.

"रडायचं नाही. तुझ्याकडे काम आहे माझं," ताई म्हणाली. "हा शर्ट बघ. असे पाच शिवलेत आईनं. शिवण बघ, आतून-बाहेरून सारखी. पण हा हात बाहीत जात नाही आणि ही बोटं बटण धरत नाहीत. रोज सकाळी आई येते. एक हात घालते, दुसरा घालते, बटणं लावते, आणि तिसऱ्या बटणाशी तिचे डोळे भरतात. रोज, अगदी न चुकता तिसऱ्याच बटणाशी. मला ते बघवत नाही गं. मला दार लावून, एकटीनं कपडा घालायचाय. जितके दिवस जमेल तितके दिवस. मला दुसरं काही नकोय कुणाकडून."

मऊ, ताणणारं कापड घेऊन ये, एवढंच ताईनं फोनवर सांगितलं होतं. धाकटीनं ते पिशवीतून काढलं. फिकट पिवळं, हातातून घरंगळणारं. तिनं ते आडवं ताणलं तर दीडपट झालं, सोडलं तसं परत जागेवर आलं.

"बाह्या नकोत. गळा रुंद," ती म्हणाली. आवाज ताळ्यावर यायला कामाचंच बोलणं बरं होतं. "आणि डोक्यातून घालायचाच नाही. पायातून घालायचा."

"पायातून?"

"गळ्यात पाय टाकायचे आणि विजारीसारखं वर ओढायचं. मग हात खालच्या खाली आत सरकवायचे. खांदा उचलावाच लागत नाही. कारखान्यात नमुने घालून दाखवणाऱ्या मुली केस विसकटू नयेत म्हणून असंच करतात."

ताई हसली. हसताना तिला धाप लागली, तरी ती हसत राहिली.

कापड धाकटीनं घरूनच धुऊन आणलं होतं, पण प्रवासात ते घडीत आवळून बसलं होतं. तिनं दादाच्या टेबलावर ते सैल पसरलं. "दुपारपर्यंत याला हात लावायचा नाही," तिनं दादाला बजावलं. "घडीतलं कापड ताणलेलं असतं. कापलं की मागाहून आखडतं. मी सुया घेऊन येते. गोल टोकाच्या लागतात. आपल्या सुया याला भोकं पाडतील."

आपल्या म्हटलं तिनं. दादानं ते ऐकलं आणि मान हलवली.

*

गोल टोकाच्या सुया मिळायला तीन दुकानं पालथी घालावी लागतील हे काही दादाला माहीत नव्हतं. तासाभरानं आई मागच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा धाकटीचा पत्ता नव्हता आणि टेबलावर पिवळं कापड पसरलेलं होतं.

"हे काय?"

"ताईसाठी आहे. टॉप शिवायचाय म्हणे. धाकटीनं सांगितलंय, दुपारपर्यंत राहू दे."

"दुपारपर्यंत कापड काय झोप काढणार आहे?" आईनं फळीवरून मापवही ओढली. "चल, बेत तू. शिवते मी. बिचारी उन्हातून दमून येईल, तोवर तयार असू दे."

बिचारीचा प्रश्नच नव्हता, हे दादाला कळत होतं. या घरात ताईच्या अंगावरचा प्रत्येक कपडा, शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचा, आईच्या हातचा होता. अकरा वर्षं बाहेर राहिलेल्या मुलीनं एका सकाळी येऊन तो मान घ्यावा, हे आईला सहन होणार नव्हतं. आणि ताईनं आपल्याला सोडून तिला फोन केला, हे तर मुळीच नाही.

त्यानं वहीचं पान पाहिलं. चार वर्षांपूर्वीचं माप. बाबांचं ठसठशीत अक्षर. छाती छत्तीस.

"आई, माप नवं घ्यायला हवं."

"ती पडली आहे."

"मग उठली की घेऊ."

"म्हणजे दुपार. आणि बसून तरी कुठं राहते ती? बेत म्हणते ना."

पडलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही, हा आजोबांचा नियम. आजोबांनी एकदा आपल्या आजारी भावाचं कोटाचं माप अंथरुणातच घेतलं होतं. भाऊ म्हणाला होता, बरा झालो की घालीन. कोट तयार झाला, पण घालायला भाऊ राहिला नाही. टेपनं कुणी मरत नाही हे आजोबांना कळत नव्हतं असं नाही, पण त्यानंतर त्यांनी दंडकच घालून दिला, आडव्या माणसाला टेप लावायचा नाही. बाबांनी तो पाळला. आई सून म्हणून आली ती बाबांपेक्षा कडक पाळायला लागली.

छत्तीस आता खरं नाही हे दादाला दिसत होतं. रोज ताईला उठवून बसवणारा तोच होता, तिचं वजन त्याच्या हातांना ठाऊक होतं. तरी त्यानं चॉक उचलला. छत्तीसवर शर्टाला धरतात तसे चार इंच सैल धरले आणि कात्री चालवली. कापलेल्या कडा लगेच आतल्या आत गुंडाळायला लागल्या. त्यानं असं कापड कधी हाताळलं नव्हतं. आपण चुकतोय हे त्याला पहिल्या हातालाच कळलं होतं, पण तो थांबला नाही. थांबला असता तर आईशी बोलावं लागलं असतं.

आईनं पुढून-मागून कापड ताठ धरून शिवलं. चाळीस वर्षं ती तसंच शिवत आली होती आणि चाळीस वर्षांत तिची शिवण कधी वाकडी गेली नव्हती. या कापडावर मात्र जिथं जिथं ताणलं तिथं लाटा उठल्या. खालची दुमड तर पापडासारखी वाकडीतिकडी झाली. आईनं ती इस्त्रीखाली दाबली, पण इस्त्री उचलली की लाटा परत वर येत होत्या.

*

धाकटीनं सुयांची पुडी टेबलावर ठेवली आणि टॉप उचलून पाहिला. पाहता पाहता तिचा चेहरा लाल झाला.

"तुला सांगून गेले होते मी, दादा."

"अगं, आईनं..."

"लप. अजून आईच्या मागंच लप तू."

"एवढं काय झालंय?" आई म्हणाली. "कापडच आहे. दुसरं आणू."

"कापडाचं नाही, आई. तिनं मला एक काम सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही."

हे वाक्य लागावं म्हणूनच तिनं टाकलं होतं आणि ते लागलं. आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला का नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

"भांडा, पण इथं येऊन भांडा!" मागच्या खोलीतून ताईचा आवाज आला. "अर्धं ऐकू येतं, अर्धं येत नाही. जीव नुसता टांगणीला लागतो माझा."

तिघंही आत गेली. ताईला सगळं लगेच समजलं. वर्गात खडूचा तुकडा कुणी फेकला हे तिला पाठमोरं राहूनही कळायचं, इथं तर तीन चोर समोरच उभे होते.

"द्या इकडे. घालून तरी बघू," ती म्हणाली.

आईनंच तो तिला घातला. टॉप खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आला. छातीवरचा ऑपरेशनचा व्रण, किरणांनी भाजून काळी पडलेली कातडी, सगळं उघडं पडलं. दादानं मान फिरवली. धाकटीनं पुढं होऊन गळा चिमटीत धरला. ताईनं खाली, त्या सैल पिवळ्या ढिगाकडे पाहिलं. सकाळी धाकटीनं पायातून घालायचं म्हटल्यापासून ती मनातल्या मनात चार वेळा तो टॉप घालून बसली होती. आता तिला फार थकल्यासारखं वाटलं. पण आईचा चेहरा बघून तिनं नेहमीचा सूर लावला.

"माप बरोबर आहे. फक्त हे ज्या बाईचं आहे ना, ती आता इथं राहत नाही."

तिनं टॉपची लोंबणारी कड मुठीत गोळा केली.

"छत्तीस धरलंत ना?"

"होशील परत," आई म्हणाली. "उन्हाळ्यात सगळ्यांचंच अंग उतरतं. जेवण नीट जायला लागलं की..."

"आई."

"डॉक्टरांचं काय, ते बोलतात. मागच्या वेळी पण..."

"आई, माझं माप घे."

आईनं गळ्यातला टेप हातानं घट्ट धरला. "उद्या घेऊ. सकाळी ताजीतवानी असलीस की."

"आत्ता. आडव्या माणसाला लावायचा नाही ना? मग उभी राहते. दादा, ये रे."

दादा पुढं आला. ताईनं डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला आणि उठली. पाय जमिनीला लागले. पहिला श्वास बरा गेला. दुसऱ्याला तिचा सगळा भार दादाच्या खांद्यावर आला. तिनं दात आवळले, डोळे मिटले, पण ती बसली नाही. आईनं टेप तिच्या पाठीमागून पुढं आणला, पण आकडा वाचला नाही. तिला समोर लेकीच्या कपाळावर फुटलेला घाम दिसत होता. आपल्या एका नियमासाठी ही पोर उभी आहे, हे तिला दिसत होतं.

"झोप," आई म्हणाली. "आडवी हो. घेते मी."

"आई, पण आजोबांचा..." दादाच्या तोंडून निघून गेलं.

"आजोबांना मुलगी नव्हती."

ताई पलंगावर टेकली. आई तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. दुकानातली रीत अशी होती की एकानं माप पुकारायचं आणि वहीजवळच्यानं ते मोठ्यानं परत म्हणून लिहायचं, म्हणजे चूक राहत नाही. वर्षानुवर्षं ते परत म्हणायचं काम धाकटीचं होतं. कुणी न सांगता तिनं दादाच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली.

"खांदा, साडेबारा," आई म्हणाली.

"साडेबारा."

"छाती..." आईनं टेप खालून सरकवला, जखमेला लागणार नाही असा, हळूच. "तीस."

"तीस."

"सीट," टेप कमरेखाली नितंबांवर नेत आई म्हणाली, "बत्तीस."

"बत्तीस."

"डावा दंड, आठ."

धाकटीनं आधी आकडा लिहिला. "आठ," ती मग म्हणाली.

"उजवा, पंधरा."

"पंधरा."

ताई छताकडे बघत ऐकत होती. आईची बोटं गार होती आणि बरी वाटत होती. गेले कित्येक आठवडे या घरात तिच्याशी कुणी खरं बोललं नव्हतं. आज रंग बरा आहे, आज दोन घास जास्त गेले, काल झोप लागली ना, असंच सगळं चाललं होतं. आता निदान आकड्यांमध्ये का होईना, तिची दोन्ही माणसं खरं बोलत होती, मोठ्यानं, एकमेकींना पडताळून. तिला एकदम हलकं वाटलं. आणि लगेच फार वाईट वाटलं, कारण तीस म्हणताना आईचा चेहरा म्हातारा झाला होता.

"गळ्याचं काय करायचं?" आईनं विचारलं.

"गळा सीटवरून काढायचा," धाकटी म्हणाली. "चोवीस ठेवू. ताणून बत्तीसवरून जाईल."

"गळ्याला सीटचं माप?" आईला भोवळ यायची बाकी राहिली. "काय गं हे तुमचं शास्त्र!"

"अंग त्याच वाटेनं आत जाणार आहे, आई."

*

दुसरं कापड घ्यायची गरज पडली नाही. दादानं टाके उसवले आणि पुढचा भाग टेबलावर सपाट केला. धाकटीनं नवा बेत त्यावर ठेवला. नवा टॉप जुन्याच्या आत मावला, चहूबाजूंनी दोन-दोन, तीन-तीन बोटं सोडून. दादानं कापून पडलेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि कितीतरी वेळ त्या हातातच ठेवल्या.

"सैल किती धरलं?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. याला सैल धरायचं नसतं, हे अंगाबरोबर हलतं. सैल असलं तर उलट घासेल तिला." मग ती थांबून म्हणाली, "मघाशी तुला बोलले ते..."

"बरोबर बोललीस," दादा म्हणाला. "उजवा मुंढा मोठा ठेवायचा ना? दाखव, कुठून." आणि तो आईकडे न बघता कापायला लागला.

तीन मशिनांतलं एक जुनं झिगझॅग मशीन काजं करायला म्हणून होतं. धाकटीनं त्याला गोल टोकाची सुई लावली, बारीक झिगझॅग धरला, आणि स्टुलावरून उठली. "बस, आई."

"मी? तू शिव की. मी घाण करून ठेवलीये एकदा."

"तिला तुझ्याच हातचं हवं असणार. मी सांगते तसं कर."

आई बसली. बसल्याबरोबर तिचे हात सवयीनं कापड ताठ धरायला गेले.

"धरू नकोस. नुसता हात ठेव वर."

"धरलं नाही तर वाकडं जाईल."

"नाही जात. मशीनचे दाते नेतात त्याला. तू फक्त बघत राहा."

पहिली वीतभर शिवण होईपर्यंत आईनं श्वास रोखून धरला होता. शिवण सरळ आली. सपाट. तिनं ती बोटानं दोनदा चाचपली.

"आणि या आतल्या कडा? अशाच उघड्या?"

"अशाच. या उसवत नाहीत."

"बाबांनी पाहिलं असतं तर दोन दिवस जेवले नसते."

"तीन," दादा म्हणाला, आणि तिघंही हसली. फार दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं. आईचं हसू मात्र अर्ध्यावरच विरलं. तिनं मशीन थांबवलं.

"तू ते मशीन घेऊ या म्हणाली होतीस," ती म्हणाली. मान खालीच होती तिची. "मला पटलं होतं तेव्हा. रात्री यांना सांगायचं ठरवलं होतं मी. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तू गेलीसच."

धाकटीला यावर अकरा वर्षांचं बोलायचं होतं. पण आईचा पाठीमागून दिसणारा मानेचा कणा, त्यावरून लोंबणारा टेप, हे बघून तिनं ते राहू दिलं. तिनं गळ्याची पट्टी उचलून आईच्या हाताखाली सरकवली.

"ही गळ्यापेक्षा थोडी लहान आहे," ती म्हणाली. "हिला तेवढं ताणायचं. अगदी थोडं. हां, एवढंच."

पाच वाजता टॉप झाला. ताईनं तो हातात घेतला, गालाला लावला, आणि तिघांनाही बाहेर काढून आतून कडी घातली.

तिघं दाराबाहेर उभी राहिली. आतून पलंग कुरकुरला. मग काहीच नाही. मग कापडाची सळसळ, मध्येच एक जोराचा श्वास. आई पुढं झाली तशी धाकटीनं तिचा दंड धरला. दादा घड्याळाकडे बघत होता, अकरा मिनिटं झाली होती. मग कडी निघाली.

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पिवळा टॉप तिच्या अंगावर नीट, शांत बसला होता. गळा व्रणाच्या वर. सुजलेला हात मोठ्या मुंढ्यातून मोकळा बाहेर. ती घामानं भिजली होती आणि तिच्या तोंडावर, शाळेत पहिली आल्यावर असायचा तसला, जरा आगाऊ आनंद होता.

"एकटीनं," ती म्हणाली.

"एकटीनं," धाकटी म्हणाली, माप परत म्हणावं तसं.

"कापड किती आणलंयस?"

"पिशवीत अजून आहे. आणखी पाच होतील सहज. आज रात्री राहते मी, सगळे शिवून..."

"एकच शिव अजून." ताई पलंगाकडे वळली, दादानं तिला धरलं. "दोन पुरेत गं. एक अंगावर, एक वाळत."

धाकटी काहीतरी उत्तर द्यायला गेली. दादानं ताईच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवून नको म्हटलं.

*

सकाळी साडेसहाला आईला जाग आली ती सवयीनंच. उजाडलं होतं. दुकानात जमिनीवर गादी टाकून धाकटी झोपली होती, तिच्या जुन्या जागी. इस्त्रीचे कपडे कुणीतरी रात्री तिथून हलवले होते. दुसरा टॉप दोरीवर वाळत होता, पहिला ताईनं रात्री उतरवून उशाशी ठेवला होता.

आईनं पाणी तापवलं, बादलीत ओतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दार आतून बंद होतं.

"आई, पाणी तिथंच ठेव," ताई आतून म्हणाली. "मी घेते मग."

"उचलेल तुला?"

"दादाला हाक मारीन. तू जा, चहा कर."

आईनं बादली ठेवली. टॉवेल दाराच्या मुठीला अडकवला. आता करायचं काय, हे तिला कळेना. या वेळेला तिचे हात रोज बटणांशी असत. पहिलं, दुसरं, मग तिसरं. ते एवढं अवघड काम, ज्याला ती रोज रात्री झोपताना भ्यायची, ते कुणीतरी आपल्याकडून काढून घेतलंय आणि ते परत हवंय, असं तिला वाटलं. चहा ठेवायला ती दोन पावलं गेलीसुद्धा, पण परत आली.

आत पलंग कुरकुरला. एक पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आई दाराच्या लाकडाला कान लावून उभी राहिली. तिला आत धाप ऐकू आली, बारीक, भराभर, आणि मग एक कण्हणं, लगेच गिळून टाकलेलं. आईचा हात दाराच्या मुठीकडे गेला. हाक मारली असती तर ताईनं दार उघडलंही असतं. रडत का होईना, उघडलं असतं. आईनं हात मागं घेतला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला.

"आई?" आतून ताईचा आवाज आला, दमलेला. "तू दारातच उभी आहेस ना?"

"नाही गं," आई म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.